कलम ९-अ आणि ‘अधिकारिता’ या शब्दाची पार्श्वभूमी

महाराष्ट्रातील दिवाणी न्यायालयांची उतरंड १८६९ च्या अधिनियमाने आखली. त्यांनी दावा कसा चालवावा हे १९०८ ची दिवाणी प्रक्रिया संहिता सांगते. कोणत्या न्यायालयाने किती रकमेपर्यंतचा दावा ऐकावा, या मूल्यांकनाच्या मर्यादा अनेकदा बदलल्या. खरा वाद उभा राहिला तो राज्याने संहितेत घातलेल्या कलम ९-अ मुळे.

शासनाविरुद्ध दावा लावण्याआधी संहितेच्या कलम ८० प्रमाणे दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. मुंबईच्या शहर दिवाणी न्यायालयात मात्र काही वादी ती न देताच दावा दाखल करीत, अंतरिम टप्प्यावर अधिकारिता, म्हणजे दावा ऐकण्याचा न्यायालयाचा अधिकार, तपासण्याची गरज नाही या जुन्या निर्णयाच्या आधारे मनाई हुकूम मिळवीत, मग नव्या दाव्याची मुभा घेऊन पहिला दावा काढून घेत आणि मधल्या काळात नोटीस बजावीत. सरकारी जमिनीवरील अतिक्रमणे या वाटेने टिकत, त्यामुळे कलम ९-अ घालणाऱ्या १९७० च्या दुरुस्तीमागील कारण खरे होते, हे मान्य केले पाहिजे. केंद्राच्या १९७६ च्या दुरुस्तीनंतर ते कलम १९७७ मध्ये पुन्हा घालण्यात आले. अंतरिम अर्जाच्या सुनावणीत अधिकारितेची हरकत आली, तर आधी तो प्राथमिक मुद्दा निकाली काढायचा, तोवर फक्त तात्पुरता दिलासा द्यायचा, असा त्याचा आशय होता.

कलमात ‘अधिकारिता’ म्हणजे काय, हे सांगितलेले नव्हते. विषय, स्थळ आणि मूल्य यांनुसार न्यायालयाला दावा ऐकता येतो की नाही, एवढाच त्याचा अर्थ, की दावा मुदतबाह्य असल्याची हरकतही त्यात बसते? व्यापक अर्थ घेतला गेला, तेथे ‘निशाणी ५’ चा, म्हणजे तात्पुरत्या मनाईचा, अर्ज बाजूला पडे, दाव्याचे कारण कधी घडले यावर साक्षी-पुरावा होई, आणि त्या एका मुद्द्यावरील आदेशाविरुद्ध पक्षकार वरच्या न्यायालयात जात. मूळ दावा मात्र उंबरठ्यावरच राही. १९७६ च्या दुरुस्तीने सर्व मुद्दे एकत्र निकाली काढण्यावर भर दिला होता आणि अपवाद केवळ अधिकारितेच्या किंवा दाव्यास असलेल्या कायदेशीर मनाईच्या निव्वळ कायद्याच्या मुद्द्यापुरता ठेवला होता. त्यामुळे राज्याचे कलम उलट्या दिशेने ओढत होते, असेच म्हणावे लागते.

२०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन पीठांनी परस्परविरोधी उत्तरे दिली. ऑक्टोबर २०१९ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने अरुंद अर्थ स्वीकारला आणि मुदतीसारखा वस्तुस्थिती व कायदा यांचा संमिश्र प्रश्न कलमाबाहेर ठेवला. मात्र राज्याने ते कलम २७ जून २०१८ पासूनच वगळले होते. प्रलंबित प्राथमिक मुद्दे जुन्याच पद्धतीने संपवावेत, ही त्या वेळची पहिली तरतूदही त्याच वर्षी बदलण्यात आली, आणि ते मुद्दे आता इतर सर्व मुद्द्यांबरोबर दाव्याच्या अंतिम निकालाच्या वेळी ठरवले जातात.