फाइल समक्रमण (अधूनमधून जोडले जाणारे संगणक)

एकाच फाइलसंचाच्या प्रती दोन किंवा अधिक संगणकांवर ठेवून, ते एकमेकांना जोडले जातील तेव्हा सारख्या करून घेण्याची पद्धत. मधल्या काळात प्रत्येक संगणकावर स्वतंत्र काम चालू असते. सगळी अडचण त्यातूनच येते.

एखादी फाइल एकीकडे आहे, दुसरीकडे नाही. ती इकडे नव्याने तयार झाली की तिकडून पुसली गेली, हे दोन फोल्डर समोरासमोर ठेवून कधीच कळत नाही. त्यासाठी मागच्या समक्रमणाच्या वेळची स्थिती नोंदलेली लागते. युनिसन हा समक्रमणाचा प्रोग्राम ही नोंद दोन्ही संगणकांवर ठेवतो आणि दोन्ही बाजू तिच्याशी ताडून पाहतो. एकाच बाजूला बदल असेल तर तो पलीकडे नेतो. दोन्हीकडे वेगवेगळा बदल असेल तर निर्णय वापरणाऱ्यावर सोडतो. ही नोंद हरवली की एका बाजूला पुसलेल्या फाइली पुन्हा उगवतात.

अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांचे आरसिंक हे सॉफ्टवेअर (१९९६) फाइलचा फक्त बदललेला भाग पाठवते, त्यामुळे संथ जोडणीवरही चालते. पण ते एकदिशी आहे. ‘डिलीट’ पर्याय (पाठवणाऱ्या बाजूला नसलेल्या फाइली पलीकडे पुसणारा) लावून दिशा उलटी दिली, तर ताजे काम जुन्या प्रतीखाली गाडले जाते. आधी ‘ड्राय रन’ (काहीही न बदलता केलेली चाचणी) करून यादी वाचावी, हे बरे.

संगणक दोनाहून अधिक झाले की आवृत्ती-सदिश वापरतात: दर फाइलमागे प्रत्येक संगणकाचा एक गणक, म्हणजे तिथे झालेल्या बदलांची मोजणी. ‘क ३, ख २’ ही आवृत्ती ‘क २, ख २’ नंतरची. पण ‘क ३, ख २’ आणि ‘क २, ख ३’ यांत पुढेमागे कोणी नाही, म्हणजे संघर्ष. सिंकथिंग हे सॉफ्टवेअर अशा वेळी एक प्रत वेगळ्या नावाने राखून ठेवते. साधा मजकूर असेल तर मूळ प्रत हाताशी धरून दोन्ही बदल जोडता येतात; चित्रांच्या बाबतीत निवडच करावी लागते.

नुसत्या वेळेवर विसंबणे धोक्याचे. घड्याळे मागेपुढे असतात, आणि पेनड्राइव्हवर फाइली साठवण्याच्या ‘फॅट’ रचनेत बदलाची वेळ २ सेकंदांच्या टप्प्यानेच नोंदली जाते, म्हणून न बदललेल्या फाइलीही बदललेल्या वाटतात. आरसिंकमध्ये यासाठी १ सेकंदाची सूट देता येते.

नावांचाही घोळ होतो. ‘दौऱ्याचा खर्च’ यातला ‘ऱ’ युनिकोडमध्ये एका संकेतांकाने किंवा ‘र’ अधिक नुक्ता असा दोन संकेतांकांनी लिहिता येतो. दिसायला सारखी, पण संगणकाच्या लेखी निराळी अशी दोन नावे शेजारीशेजारी उभी राहतात.

उघडी डेटाबेस फाइल समक्रमणात घेऊ नये. अर्धवट लिहिलेली प्रत पलीकडे पोचते आणि तिथे ती उघडतच नाही.