मनाचा आजार वेगळा, काम न झेपणं वेगळं

बालगृहातून अठराव्या वर्षी बाहेर पडलेल्या मुलाची नोकरी टिकेना झाली की दोन वाक्यं हमखास कानावर येतात. एक, ‘त्याला डिप्रेशन आहे, तो काय काम करणार!’ आणि दुसरं, ‘गोळ्या चालू झाल्यात ना, मग आता कामावर का जात नाही?’ दोन्हींत घोटाळा एकच: आजार आणि काम न झेपणं हे एकच धरलेलं असतं.

आजार डॉक्टर ओळखतात. झोप उडते, भूक मरते, आवडीच्या गोष्टीतही मन लागत नाही आणि हे दोन आठवड्यांहून अधिक रोजचंच होऊन बसतं, तेव्हा ते नैराश्याचा विचार करतात. त्यावर औषध आहे, समुपदेशन आहे. काम झेपतं की नाही, हे मात्र चाकणच्या कारखान्यात कळतं. पहाटेची बस गाठणं, सुपरवायझरचा चढा आवाज सोसणं, खाडा न पाडता सहा दिवस भरणं. निदानाच्या चिठ्ठीवर यातलं काहीच लिहिलेलं नसतं.

माझ्या ओळखीची संस्थेत वाढलेली एक मुलगी सहा वर्षं नैराश्याच्या गोळ्या घेते आणि पाळणाघरातली नोकरी नीट करते. एका मुलाच्या गोळ्या केव्हाच थांबल्या, झोप चांगली आहे. पण कुणी मागून ओरडलं की त्याचे हातपाय गार पडतात. तो मशीन सोडून बाहेर येतो आणि दुसऱ्या दिवशी जातच नाही. दोन वर्षांत पाच ठेकेदार झाले. लोक त्याला धरसोड्या म्हणतात. मला हा शब्द फार लागतो.

आजार तोच असला तरी त्यातून कामाचं किती नुकसान होईल, हे माणसामागे कोण आहे यावर बरंच ठरतं. घर असलेला मुलगा तीन आठवडे आजारी पडला तर आई डबा देते, वडील मालकाला फोन करतात, नोकरी वाचते. कॉट बेसिसवर राहणाऱ्याचा तीन आठवडे पगार बुडाला की आधी खाणावळ बंद होते, मग कॉट जाते. त्यानंतर तो आजारातून उठला तरी कामावर जाणार कुठून? बाल न्याय कायद्यात, 2015 सालच्या, अठरानंतरच्या अनुरक्षणाची, म्हणजे संस्था सोडल्यावरच्या आधाराची, तरतूद आहे ती याच पोकळीसाठी.

फिनलंड, स्वीडनसारख्या देशांत रुग्णालयाच्या नोंदी वेगळ्या आणि अपंगत्व निवृत्तिवेतनाच्या वेगळ्या असतात. माणसाच्या क्रमांकावरून त्या जोडून पाहता येतात. त्यातून दिसलं की लहानपणी घराबाहेर ठेवलेल्या मुलांमध्ये मोठेपणी मनाचा आजार आणि काम न झेपल्यामुळे निवृत्तिवेतन, या दोन्ही गोष्टींचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त असतं. बुखारेस्टमध्ये 2000 सालानंतर संस्थांमधल्या 136 बाळांवर झालेला अभ्यास आजाराच्या बाजूबद्दल सांगतो: चिठ्ठ्या टाकून ज्यांना संस्थेतून सांभाळ करणाऱ्या दुसऱ्या कुटुंबात (फॉस्टर केअर) पाठवलं, त्यांच्यात पुढे चिंता आणि नैराश्याचे त्रास कमी आढळले. त्या रोमानियातल्या संस्था होत्या, आपल्याकडचं प्रत्येक बालगृह तसं नाही, हे लक्षात ठेवून तो वाचावा.

आपला कायदाही दोन्ही वेगळं मोजतो. मानसिक आजाराच्या दिव्यांग प्रमाणपत्रासाठी नुसतं निदान पुरत नाही. ‘आयडियाज’ नावाच्या मोजपट्टीवर स्वतःची काळजी, माणसांशी वागणं, संवाद-समज आणि काम या चार बाबींना प्रत्येकी 0 ते 4 गुण देतात, आजार किती वर्षांचा त्याचेही गुण धरतात. बेरीज 7 किंवा जास्त आली तर 40 टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व, आणि सवलती तिथून सुरू होतात. (अनाथ प्रमाणपत्र ही तिसरीच गोष्ट. त्यावर राज्यात 1 टक्का आरक्षण आहे, पण त्याचा आजाराशी संबंध नाही.)

हे गुण देताना डॉक्टर रुग्णाची रोज काळजी घेणाऱ्या माणसाला विचारतात: हा उठतो कधी, जेवतो का, किती दिवस कामावर गेला? पुण्याच्या ससून रुग्णालयाच्या ओपीडीत बाकीच्यांसोबत आई असते, बायको असते. संस्थेतून आलेल्या मुलाशेजारची खुर्ची रिकामी असते आणि तो स्वतः ‘सगळं ठीक आहे’ एवढंच सांगतो, कारण संस्थेत तेच उत्तर चालायचं. म्हणून मी सोबत शेजारच्या कॉटवरच्या मुलाला घेऊन जायला सांगतो, आणि ठेकेदाराकडची हजेरीची पानंही.