हब गिअर की डिरेलर? आधी चेन बघा

रोज लांबचा पल्ला आहे, सायकलची उठाठेव करायला वेळ नाही, तर कोणती घ्यावी? या प्रश्नाला एक ठरलेलं उत्तर मिळतं: ‘हब गिअर घे, गिअर आत बंद असतात, म्हणून बघावं लागत नाही.’ सल्ला चांगला आहे, पण त्यामागचं कारण चुकीचं सांगितलं जातं. त्या कारणावर विसंबून लोक भलतीच हब गिअरची सायकल घेऊन बसतात आणि मग हब गिअरलाच नावं ठेवतात.

डिरेलर बहुतेकांच्या ओळखीचा. मागे दातेरी चक्रांची उतरंड, खाली लोंबणारा हात, आणि तो चेनला एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलतो. हब गिअरमध्ये गिअर बदलणारी दातेरी चाकं मागच्या हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या नळकांड्याच्या, पोटात असतात, बाहेर दिसतं ते एकच चक्र. ही नवी टूमही नव्हे. स्टर्मी-आर्चरचा तीन गिअरचा एडब्ल्यू हब 1936 सालचा.

आता खरी मेख. डिरेलरच्या सायकलवर सारखं काय बघावं लागतं? गिअर नव्हे. केबलचा ताण वर्षातून काही वेळा थोडा पिळला की काम भागतं. सारखी बघावी लागते ती चेन. तेलावर धूळ बसते, पावसात चिखल येतो, त्याचा खरखरीत लेप होतो आणि तो चेनच्या पिना घासत राहतो. नव्या चेनच्या 24 कड्या बरोबर 12 इंच भरतात. त्याच 12 आणि एक सोळांश इंच भरल्या की चेन बदलायची वेळ झाली. तेव्हा चालढकल केली तर मागची चक्रंही सोबत जातात.

डिरेलरची चेन आडवी सरकलीच पाहिजे, म्हणून ती पूर्ण झाकता येत नाही. हब गिअरची चेन मात्र पुढून मागे एकाच सरळ रेषेत धावते, कधीच जागा सोडत नाही. म्हणून तिला चारही बाजूंनी बंद चेनकव्हर बसतं. आत धूळ नाही, पाऊस नाही, तेल महिनोन् महिने टिकतं, पँटही काळी होत नाही. देखभाल वाचते ती या कव्हरमुळे. हबमुळे ते बसवणं शक्य होतं, एवढंच.

त्यामुळे उघड्या चेनची हब गिअर सायकल म्हणजे अर्धाच फायदा. चेन रुंद असते, तिरकी ओढली जात नाही, म्हणून जास्त टिकते हे खरं. पण पावसाळ्यात पुसायची ती पुसावीच लागते.

याहून वाईट प्रकार म्हणजे साध्या फ्रेमवर हब गिअर चढवून चेन ताणायला खाली स्प्रिंगचा हात लावलेली सायकल. तो हात आला की बंद कव्हर गेलं, आणि चिखल झेलायला लोंबता भाग परत आला. अशी सायकल मी कुणालाही घ्यायला सांगणार नाही. विकत घेताना मागचा आस जिथे बसतो ती खाच बघा. ती आडवी असेल तर चाक मागे ओढून चेन ताणता येते, हाताची गरज पडत नाही.

हबला काहीच करावं लागत नाही, हेही खोटं. रोलॉफच्या 14 गिअरच्या हबचं तेल दर 5000 किलोमीटरला किंवा वर्षातून एकदा बदलायचं असतं. शिमानोच्या नेक्सस 8 या आठ गिअरच्या हबमध्ये चौथा गिअर टाकून हबवरच्या दोन पिवळ्या रेघा समोरासमोर आहेत ना ते बघायचं. नसतील तर केबलचा स्क्रू थोडा फिरवायचा. बस्स.

बाकी फरक किरकोळ. हब जड असतो, थोडी ताकद आत खातो, पण सिग्नलला थांबल्या जागी गिअर बदलता येतो. गिअरची संख्या मोजत बसू नका, पल्ला बघा: एडब्ल्यूचा सर्वांत जड गिअर सर्वांत हलक्याच्या 1.78 पट, नेक्सस 8 चा सुमारे 3 पट. सपाट रस्त्याला तीन पुरतात, चढ असतील तर आठ घ्या. घाट रोजचाच असेल आणि चेन पुसायचा कंटाळा नसेल, तर खुशाल डिरेलर घ्या.

चेनऐवजी बेल्ट लावायची सध्या हवा आहे. बेल्ट उत्तमच, पण तो तोडून जोडता येत नाही, म्हणून उघडणारी फ्रेम लागते, आणि तो कोपऱ्यावरच्या दुकानात मिळेलच असं नाही. बंद कव्हरातली साधी चेन मला जास्त भरवशाची वाटते.

एक गैरसोय मात्र खरी आहे, पंक्चरची. चाक काढायचं म्हणजे केबल सोडवा, कव्हर उघडा, 15 च्या पान्याने दोन्ही नट ढिले करा. म्हणून जाड, पंक्चररोधक टायरच घ्या. आणि तरीही काटा घुसलाच तर चाक काढूच नका: चेन नसलेल्या बाजूने टायरची कड उचला, ट्यूब तेवढीच बाहेर ओढा, तिथेच ठिगळ लावा. टायरच्या आतून बोट फिरवून काटा काढायला विसरू नका.