वंध्यत्वावरील उपचार : पात्रता, कागदपत्रे आणि प्रक्रिया (पुण्यातील जोडप्यांसाठी माहिती)

कोणतेही संततिनियमनाचे साधन न वापरता, नियमित शरीरसंबंध असूनही वर्षभरात गर्भधारणा झाली नाही, तर त्या स्थितीला वैद्यकशास्त्रात आणि आता कायद्यातही वंध्यत्व म्हटले जाते. पत्नीचे वय पस्तिशीच्या पुढे असेल तर वर्षभर वाट न पाहता सहा महिन्यांनंतरच तपासणी सुरू करावी. पाळी फार अनियमित असेल, पूर्वी क्षयरोग होऊन गेला असेल, एंडोमेट्रिओसिसचे (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याच्या आजाराचे) निदान झालेले असेल किंवा पतीवर वृषणाची शस्त्रक्रिया झालेली असेल, तर तेवढेही थांबण्याचे कारण नाही.

सहायक पुनरुत्पादन तंत्रज्ञान (नियमन) कायदा, २०२१ आणि सरोगसी (नियमन) कायदा, २०२१, म्हणजे दुसऱ्या स्त्रीच्या गर्भाशयात मूल वाढवण्याविषयीचा कायदा, हे दोन्ही कायदे २५ जानेवारी २०२२ पासून लागू आहेत. तेव्हापासून आययूआय (प्रक्रिया केलेले शुक्राणू नळीने गर्भाशयात सोडणे), आयव्हीएफ (प्रयोगशाळेत भ्रूण तयार करून गर्भाशयात सोडणे) यांसारखे उपचार वयाची अट, लेखी संमती आणि सरकारी नोंदी यांच्या चौकटीत आले आहेत. अनेक जोडपी सगळ्या तपासण्या करून, इंजेक्शनांची तारीख ठरल्यावर कागदपत्रांकडे वळतात आणि तिथे अडकतात. पहिली तपासणी होईल त्याच आठवड्यात कागदपत्रेही जमवायला घ्यावीत, कारण आधारवरील एका अक्षराच्या दुरुस्तीसाठी पाळीचे एक चक्र वाया जाणे, विशेषतः अडतीस-चाळीसच्या वयात, परवडणारे नसते.

कोण पात्र आहे

उपचार घेणाऱ्या स्त्रीचे वय २१ वर्षांपेक्षा जास्त आणि ५० पेक्षा कमी, तर पुरुषाचे २१ पेक्षा जास्त आणि ५५ पेक्षा कमी असावे लागते. जोडपे म्हणून उपचार घ्यायचे असतील तर ते विवाहित असणे आवश्यक आहे. लिव्ह-इनमध्ये राहणाऱ्यांना जोडपे म्हणून या कायद्याखाली सेवा मिळत नाही. अविवाहित, विधवा किंवा घटस्फोटित स्त्री मात्र एकटीने, दात्याचे शुक्राणू वापरून उपचार घेऊ शकते. एकट्या पुरुषाला ही मुभा नाही. पुण्याचे रहिवासी असण्याची अट कायद्यात कुठेही नाही, त्यामुळे सातारा, सोलापूर किंवा लातूरहून येणाऱ्यांनी केवळ उपचारांसाठी पुण्याच्या पत्त्याचा पुरावा तयार करण्याच्या भानगडीत पडू नये.

केंद्राची नोंदणी

कायद्याने केंद्रांचे दोन स्तर केले आहेत. पहिल्या स्तरावरील केंद्रात फक्त आययूआय होते. स्त्रीबीजे काढणे, प्रयोगशाळेत भ्रूण तयार करणे आणि गोठवणे ही कामे दुसऱ्या स्तरावरील केंद्रातच करता येतात. नोंदणी पाच वर्षांसाठी असते आणि तिचे प्रमाणपत्र दर्शनी भागात लावलेले असावे लागते. स्वागतकक्षात बाळांच्या छायाचित्रांची भिंत असते, तिच्याऐवजी हे प्रमाणपत्र शोधावे आणि त्यावरील स्तर व मुदत वाचून घ्यावी. नोंदणीकृत केंद्रांची यादी केंद्र सरकारच्या राष्ट्रीय एआरटी (सहायक पुनरुत्पादन तंत्रज्ञान) व सरोगसी पोर्टलवर पाहता येते.

प्रत्येक केंद्राला तक्रार निवारण कक्ष ठेवणे बंधनकारक आहे. मुलगा किंवा मुलगी निवडून देण्याचे आश्वासन कोणी आडवळणाने जरी दिले, तरी तो या कायद्याखाली आणि गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखालीही गुन्हा आहे. अशा केंद्रातून उठून यावे.

कागदपत्रे

दोघांची आधार कार्डे, वयाचा पुरावा, विवाह नोंदणी प्रमाणपत्र, छायाचित्रे आणि आधीच्या उपचारांची संपूर्ण फाइल एवढी कागदपत्रे सर्वसाधारणपणे लागतात. घटस्फोटित स्त्रीला न्यायालयाच्या हुकूमनाम्याची, तर विधवेला पतीच्या मृत्यू दाखल्याची प्रत जोडावी लागते. प्रत्येक केंद्राची यादी थोडी वेगळी असते, म्हणून पहिल्याच भेटीत ती लेखी मागून घ्यावी.

विवाह प्रमाणपत्र अनेकांकडे नसते, कारण लग्न थाटात झाले की नोंदणीचे काम राहूनच जाते. पुणे महापालिकेच्या हद्दीत ही नोंदणी क्षेत्रीय कार्यालयात होते. त्यासाठी विहित नमुन्यातील अर्ज, दोघांचे वयाचे व पत्त्याचे पुरावे, लग्नपत्रिका, विवाह लावणाऱ्या भटजींची सही आणि तीन साक्षीदार लागतात. नव्वद दिवस उलटून गेले असले तरी विलंब शुल्क भरून नोंदणी करता येते, मग लग्नाला बारा वर्षे झालेली असोत. पत्रिका सापडत नसेल किंवा भटजी हयात नसतील, तर प्रतिज्ञापत्र कोणत्या मजकुराचे लागेल हे त्याच कार्यालयात आधी विचारावे आणि मगच स्टॅम्प पेपर घ्यावा.

सर्वांत जास्त वेळ खाणारी अडचण नावाची असते आणि ती जवळजवळ नेहमी पत्नीच्याच कागदांत असते. आधारवर माहेरचे पूर्ण नाव, पॅनवर वडिलांचे नाव मधे, विवाह प्रमाणपत्रावर सासरचे आडनाव आणि लग्नात तांदळाच्या ताटात लिहिलेले नवे नाव तेवढे रुग्णालयाच्या केसपेपरवर, अशी एकाच बाईची चार नावे एका फाइलमध्ये येतात. फक्त मधले नाव आणि आडनाव बदललेले असेल, तर विवाह प्रमाणपत्राच्या आधारे आधार दुरुस्त होते. पहिले नावही बदललेले असेल, तर शासकीय मुद्रण संचालनालयाच्या संकेतस्थळावरून अर्ज करून राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घेणे हा पक्का मार्ग आहे. आधारवरील नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते, म्हणून कोणते नाव कायम ठेवायचे हे आधी ठरवावे. माहेरचे नाव तसेच ठेवायलाही काहीच हरकत नाही. सगळ्या कागदांवर तेच असले म्हणजे झाले.

वयाचा पुरावाही एकदा नीट पाहावा. गुरुजींनी शाळेत घालताना लावलेली १ जून ही जन्मतारीख आपल्याकडे घरोघरी आढळते. पन्नाशी किंवा पंचावन्नची मर्यादा जवळ आलेल्यांच्या बाबतीत कागदावरची तारीखच ग्राह्य धरली जाते, खरी नव्हे.

तपासण्या आणि उपचारांचा क्रम

तपासणी दोघांचीही आणि एकाच वेळी व्हावी. पत्नीच्या सोनोग्राफ्या, दुर्बीण, गंडेदोरे सगळे होऊन गेल्यावर पतीची वीर्यतपासणी करायची ही उलटी रीत अजूनही चालू आहे, आणि तिच्यापायी अनेक घरांत दोन-तीन वर्षे फुकट गेली आहेत. वीर्यतपासणी स्वस्त आहे आणि तिच्यात सुई टोचावी लागत नाही. त्यासाठी दोन ते सात दिवस संबंध टाळावेत आणि नमुना घरी घेतल्यास तासाभराच्या आत प्रयोगशाळेत पोहोचवावा. सकाळच्या गर्दीत हडपसरहून डेक्कनला तासात पोहोचण्याची खात्री नसते, तेव्हा प्रयोगशाळेतच नमुना दिलेला बरा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या निकषांनुसार प्रति मिलिलिटर १.६ कोटी शुक्राणू ही संख्येची खालची मर्यादा धरली जाते, पण एका अहवालावरून निष्कर्ष न काढता काही आठवड्यांनी तपासणी पुन्हा करतात.

पत्नीच्या बाबतीत पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एफएसएच, एलएच, तसेच थायरॉइड, प्रोलॅक्टिन या संप्रेरकांच्या आणि अंडाशयातील बीजांच्या साठ्याचा अंदाज देणाऱ्या एएमएचच्या रक्ततपासण्या होतात. यांपैकी एएमएच कोणत्याही दिवशी करता येते. पाळीचा रक्तस्राव थांबल्यावर गर्भनलिका मोकळ्या आहेत का हे पाहण्यासाठी एचएसजी नावाचा एक्स-रे काढतात. आपल्याकडे नलिका बंद होण्यामागे जननेंद्रियांचा क्षयरोग हे मोठे कारण आहे. प्राथमिक तपासणीसाठी ससून रुग्णालयाच्या स्त्रीरोग बाह्यरुग्ण विभागात जाता येते. सैन्यदलातील जोडप्यांसाठी वानवडीच्या कमांड हॉस्पिटलमध्ये स्वतंत्र केंद्र आहे.

प्रत्येक जोडप्याला आयव्हीएफ लागत नाही. पीसीओएसमुळे (अंडाशय व संप्रेरकांच्या विकारामुळे) बीज तयार होत नसेल तर लेट्रोझोलसारख्या गोळ्या आणि वजन कमी करणे, एवढ्यावरही अनेकींना दिवस राहतात. नलिका मोकळ्या असून शुक्राणू थोडेच कमी असतील तर आययूआय करून पाहतात. दोन्ही नलिका बंद असणे किंवा वय जास्त असणे अशा स्थितीत आयव्हीएफ, आणि शुक्राणू फारच कमी असल्यास एकेक शुक्राणू बीजात टोचण्याची इक्सी ही पद्धत योग्य ठरते.

उपचारापूर्वी दोघांच्या एचआयव्ही, हिपॅटायटिस बी व सी आणि गुप्तरोगाच्या चाचण्या होतात आणि संमतीपत्रांवर सह्या घेतल्या जातात. भ्रूण गोठवण्याचे संमतीपत्र सावकाश, शक्यतो घरी नेऊन वाचावे. उरलेल्या भ्रूणांचे पुढे काय करायचे आणि दोघांपैकी एकाचा मृत्यू झाला तर काय, हे प्रश्न तिथे असतात आणि सुईच्या आदल्या दिवशी घाईत उत्तरे देण्यासारखे ते नाहीत. बीजे व भ्रूण जास्तीत जास्त दहा वर्षे साठवता येतात.

दात्याची मदत लागल्यास

दात्याचे बीज किंवा शुक्राणू नोंदणीकृत एआरटी बँकेमार्फतच मिळतात. शुक्राणूदात्याचे वय २१ ते ५५ आणि बीजदात्या स्त्रीचे २३ ते ३५ असावे लागते. बीजदात्रीला आयुष्यात एकदाच दान करता येते, तिची सातपेक्षा जास्त बीजे काढता येत नाहीत, आणि तिच्या नावे बारा महिन्यांचा विमा उपचार घेणाऱ्या जोडप्याने उतरवायचा असतो. एका दात्याचे बीज एकाहून अधिक जोडप्यांना देता येत नाही. जन्मणारे मूल कायद्याने सर्वार्थाने त्या जोडप्याचेच असते. दात्याला त्याच्यावर कोणताही हक्क राहत नाही.

खर्च आणि विमा

खासगी केंद्रात आयव्हीएफच्या एका प्रयत्नाला साधारण लाख-दीड लाख रुपयांपासून पुढे खर्च येतो. पॅकेजच्या आकड्यात इंजेक्शने, भूल, गोठवणे आणि दरवर्षीचे साठवण शुल्क धरले आहे का, हे लेखी घ्यावे. आयुष्मान भारत योजनेच्या अपवादांत वंध्यत्वावरील उपचार येतात, आणि बहुतेक आरोग्य विमा पॉलिसींतही ते वगळलेले असतात. काही कंपन्यांच्या गट विम्यात मात्र ठरावीक रक्कम मिळते, म्हणून आयटी आणि कारखान्यांतील नोकरदारांनी मनुष्यबळ विभागाकडे विचारावे. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना अटींवर प्रतिपूर्ती मिळू शकते, पण तिच्यासाठी मंजुरी उपचारांपूर्वी घ्यावी.

सरोगसी आणि दत्तक

पैसे देऊन सरोगसी करण्यास बंदी आहे. गर्भाशय नसणे, वारंवार गर्भपात होणे, अनेकदा आयव्हीएफ अयशस्वी होणे किंवा गर्भारपणामुळे जिवाला धोका असणे अशा कारणांसाठीच जिल्हा वैद्यकीय मंडळ प्रमाणपत्र देते. पुण्यात याची चौकशी औंधच्या जिल्हा रुग्णालयातील शल्यचिकित्सकांच्या कार्यालयापासून सुरू करावी. पत्नीचे वय २३ ते ५०, पतीचे २६ ते ५५ असावे. विधवा किंवा घटस्फोटितेसाठी ही मर्यादा ३५ ते ४५ आहे. सरोगेट स्त्री विवाहित किंवा पूर्वी विवाहित, स्वतःचे मूल असलेली आणि २५ ते ३५ वयाची असावी लागते, आणि तिच्यासाठी ३६ महिन्यांचा विमा घ्यावा लागतो. शिवाय प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडून पालकत्वाचा आदेश घ्यावा लागतो आणि सक्षम प्राधिकरणाचे पात्रता प्रमाणपत्रही लागते. कायदा लागू होण्यापूर्वीच भ्रूण गोठवलेल्या जोडप्यांना वयाची अट लावू नये, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये दिला आहे.

दत्तकाचा अर्ज 'कारा'च्या (केंद्र सरकारच्या दत्तकविषयक प्राधिकरणाच्या) पोर्टलवर होतो आणि त्यासाठी वंध्यत्वाचे प्रमाणपत्र लागत नाही, फक्त दोन वर्षांचे स्थिर वैवाहिक जीवन लागते. दोन वर्षांपर्यंतचे मूल हवे असेल तर पती-पत्नीच्या वयांची बेरीज ८५ च्या आत असावी. प्रतीक्षा लांबते आणि वय मोजतच राहते, त्यामुळे उपचार चालू असतानाही या नोंदणीचा विचार करायला हवा.

जन्मनोंद

आयव्हीएफने झालेल्या बाळाची जन्मनोंद इतर कोणत्याही बाळासारखीच होते आणि दाखल्यावर उपचारांचा उल्लेख येत नाही. नोंद २१ दिवसांत व्हावी लागते. रुग्णालयात प्रसूती झाल्यास ती रुग्णालयाकडूनच कळवली जाते, मात्र आई-वडिलांच्या नावांचे स्पेलिंग डिस्चार्जपूर्वी आधारशी ताडून पाहावे. एकट्या आईला वडिलांच्या नावाशिवाय, प्रतिज्ञापत्रावर जन्मदाखला मिळतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये स्पष्ट केले आहे. बाळाचे नाव बारशानंतर ठरले तरी चालते. वर्षभरात ते विनाशुल्क आणि त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत शुल्क भरून दाखल्यात घालता येते.