काटोल नाक्यापलीकडची झाडी : पार्श्वभूमी

काटोल नाका सोडून गोरेवाडा, डाभा, हजारीपहाडच्या बाजूला लागलं की नागपूरकर म्हणतो, "इकडे गावासारखं वाटते." वाटायलाच पाहिजे, कारण कागदोपत्री हे अजून गावच आहे. इथल्या प्लॉटचं खरेदीखत उघडा. आधी मौजा डाभा, मग पटवारी हलका क्रमांक, मग खसरा क्रमांक म्हणजे जमिनीच्या तुकड्याचा नंबर आणि सगळ्यात शेवटी ले-आउटचं नाव. सकाळी फिरायला येणाऱ्यांना जी झाडी आवडते, तिच्यातली बरीचशी टिकली ती त्या जमिनीला गिऱ्हाईक लागू शकत नव्हतं म्हणून.

काही भाग पाण्याने राखला. तेलंगखेडीचा तलाव, म्हणजे आपला फुटाळा, भोसल्यांच्या वेळचा. गोरेवाडा तलाव 1911-12 च्या सुमारास शहराच्या पिण्याच्या पाण्यासाठी बांधला गेला आणि त्याच्याभोवतीच्या जंगलात वस्ती शिरली नाही. 1906 मध्ये सुरू झालेल्या कृषी महाविद्यालयाची प्रयोगाची शेतंही याच अंगाला आहेत.

बाकीची गोष्ट मालगुजारीतून सुरू होते. मालगुजार, म्हणजे गावाचा सारा सरकारात भरणारा, गावाचा मालक झाला, तरी चराई, सरपण, कुंपणाला काटे, तलावाचं पाणी यांवर गावकऱ्यांचा वापराचा, म्हणजे निस्तार हक्क होता आणि तो वाजिब-उल-अर्ज या गावाच्या हक्क-रिवाजांच्या कागदात लिहिलेला असे. 31 मार्च 1951 ला मालगुजारी संपली. तेव्हा नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होतं. पडीक, चराईची आणि झुडपांची जमीन सरकारकडे आली, पण तिच्यावरचा निस्तार कायम राहिला. पुढे विदर्भ आधी मुंबई राज्यात आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात आला, तो या नोंदींसकट.

त्यातल्याच एका नोंदीने पुढची सगळी भांडणं लावली : झुडपी जंगल. शेजारच्या छत्तीसगडात अजून 'छोटे झाड का जंगल' असा शेरा सापडतो, त्याच कुळातली ही नोंद. पळस, बोर, तरोटा, मधे मुरूम आणि गुरांच्या पायवाटा. महसूल खात्याच्या लेखी ही चराईची जमीन. वन खात्याच्या लेखी, 1980 च्या वनसंवर्धन कायद्यानंतर, जंगल. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांत मिळून असं सुमारे 86 हजार हेक्टर क्षेत्र आहे. 12 डिसेंबर 1996 ला सर्वोच्च न्यायालयाने सरकारी कागदात जंगल म्हणून नोंद असलेलं सगळं जंगलच धरायला सांगितलं आणि पेच पक्का झाला. झुडपी जंगलाने विदर्भाचा विकास अडवला, शाळा, रस्ते, सिंचनाची कामं खोळंबली, ही तक्रार अनेक वर्षं होत राहिली आणि तिच्यात तथ्य आहे. नागपुरातल्या कितीतरी सरकारी इमारती आणि लोकांची घरं याच नोंदीच्या जमिनीवर उभी आहेत.

सर्वोच्च न्यायालयाच्याच 22 मे 2025 च्या निकालाने त्यावर पडदा टाकला, निदान कायद्यापुरता. झुडपी जंगल हे वनच. 12 डिसेंबर 1996 पूर्वी वाटप झालेल्या जमिनींसाठी राज्याने केंद्राकडे एकदाच मंजुरी मागायची, त्यापोटी भरपाईची झाडं लावायची किंवा पैसे भरायची अट नाही. त्यानंतरच्या वाटपाचा मात्र जाब द्यायचा. बातम्यांत हेच गाजलं. मला त्याहून मोलाचा वाटतो तो तुकड्यांबद्दलचा आदेश. तीन हेक्टरांपेक्षा लहान आणि कुठल्याही जंगलाला लागून नसलेले तुकडे संरक्षित वन म्हणून जाहीर करता येतील, तिथल्या अतिक्रमणाला उपविभागीय अधिकारी जबाबदार राहील आणि अशी जमीन कुठल्याही कारणासाठी खासगी माणसाला किंवा संस्थेला देता येणार नाही. शहराच्या काठावर अशी जमीन उरली असेल तर ती तुकड्यांतच. दोन ले-आउटच्या मधला पळसांचा पट्टा, जिथे अजून कुणाच्या म्हशी चरतात, त्याला मोठ्या जंगलाइतकंच राखलं पाहिजे. तो गेला तर गावासारखं काय उरेल? नुसता खसरा क्रमांक.

ही भीती उगाच नाही. शेतं विकली गेली, पुढे-पुढे परवानगीशिवायच. आधी प्लॉट पडले, मग घरं झाली, नाली आणि रस्ता सगळ्यात शेवटी. नागपूर सुधार प्रन्यासाच्या दफ्तरात '572' आणि '1900' असे नुसते आकड्यांनी ओळखले जाणारे ले-आउट आहेत. 2001 च्या गुंठेवारी कायद्याने अशा वस्त्यांना नियमित व्हायचा मार्ग दिला. लोकांनी त्यासाठीच्या शुल्काची डिमांड नोट भरली, आरएल म्हणजे प्लॉट नियमित झाल्याचं पत्र हातात पडलं की पेढे वाटले. घर वाचलं याचा आनंद खराच होता. पण मंजूर नकाशात मैदान आणि बगिचा म्हणून सोडलेली जागा कित्येक ठिकाणी प्रत्यक्षात सापडत नाही.

2017 मध्ये नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आलं आणि शहराबाहेरची सातशेवर गावं त्याच्याखाली गेली. 26 जानेवारी 2021 ला गोरेवाड्यातली सफारी सुरू झाली, तेव्हापासून सुटीच्या दिवशी या रस्त्यावर गाड्यांची रांग असते. आसपासच्या ले-आउटच्या जाहिरातींत आता 'निसर्गाच्या सान्निध्यात' हे शब्द हटकून दिसतात. तिथे प्लॉट घेणाऱ्याने आरएल विचारावंच, पण पटवाऱ्याकडून त्या खसऱ्याची जुनी नोंदही काढून घ्यावी. झुडपी जंगलाचा शेरा असला तर तिथेच सापडेल.