अमेरिकेतला बेकारी भत्ता: आकडा नेमका येतो कुठून

न्यू जर्सीत नोकरी करणाऱ्याने आपली पे स्टब (पगाराची पावती) एकदा नीट बघावी, त्यात यूआय नावाची एक बारीकशी कपात दिसेल. तो बेकारी विम्याचा हप्ता. कामगाराच्या पगारातूनही हप्ता घेणारी राज्यं फक्त तीन, न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया आणि अलास्का, बाकी सगळीकडे मालकच भरतो. हे आधी सांगतोय कारण आमच्या बिल्डिंगमधल्या एका वहिनींची मे महिन्यात नोकरी गेली, ग्रीन कार्ड आहे, सगळं हक्काचं, तरी दोन आठवडे क्लेमच (भत्त्याचा अर्ज) टाकला नाही, सरकारची भीक नको म्हणाल्या. आणि क्लेम ज्या आठवड्यात टाकता तिथूनच धरतात, मागचे आठवडे सहसा मिळत नाहीत, म्हणजे त्यांचे दोन आठवडे गेलेच. भीक नाहीये हो ही, विमा आहे.

सुरुवात झाली विस्कॉन्सिन राज्यात. महामंदी चालू होती, जानेवारी 1932 मध्ये तिथे देशातला पहिला कायदा झाला, आणि ऑगस्ट 1936 मध्ये मॅडिसनला पहिला चेक निघाला, 15 डॉलरचा. कल्पना अशी की ज्या मालकाची माणसं जास्त बेकार होतील त्याचा हप्ता जास्त. आजही तसंच आहे, म्हणून तर काही कंपन्या 'याला चुकीबद्दल काढलंय' म्हणत क्लेमला हरकत घेतात.

मग देशभर एकच योजना का नाही झाली? तर राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टच्या कामगार मंत्री फ्रान्सिस पर्किन्स यांना भीती होती की सुप्रीम कोर्ट केंद्राची योजना उडवून लावेल. म्हणून 1935 च्या सोशल सिक्युरिटी कायद्यात युक्ती केली: केंद्राने मालकांवर कर लावला, पण राज्याने स्वतःचा बेकारी कायदा केला तर त्यातला 90 टक्के माफ. 1937 पर्यंत सगळ्या राज्यांनी कायदे केले, कोर्टानेही मान्य केलं. पण प्रत्येक राज्याचं गणित वेगळं राहिलं ते कायमचंच. आणि शेतमजूर, घरकाम करणारे सुरुवातीला बाहेरच ठेवले, हे मला फार लागतं, त्यांना मोठ्या प्रमाणावर आत घ्यायला 1976 ची दुरुस्ती उजाडावी लागली.

आता हिशोब. भत्ता ठरवताना ज्या काळातला पगार धरतात तो 'बेस पिरियड', म्हणजे मागच्या पाच पूर्ण तिमाह्यांपैकी पहिल्या चार. वहिनींनी क्लेम टाकला मेमध्ये, तर मोजणार मागच्या वर्षीचा जानेवारी ते डिसेंबर, यंदा जानेवारीत झालेली पगारवाढ हिशोबातच नाही! हे का, तर मालक पगाराचे आकडे तिमाहीने कळवायचे, ते कागद यायला आणि नोंदवायला महिने लागायचे, म्हणून ताजी तिमाही सोडून द्यायची पद्धत पडली. कागद गेले, पद्धत राहिली. जुन्या तिमाह्यांत बसत नसेल तर ताजे पगार धरायची सोय बऱ्याच राज्यांनी नंतर केली, तेवढं बरं.

न्यू जर्सीत सरासरी साप्ताहिक पगाराच्या 60 टक्के, म्हणजे आठवड्याला 1000 मिळत असतील तर 600, वर कमाल मर्यादा. कॅलिफोर्नियात सगळ्यात जास्त कमाईच्या तिमाहीला साधारण 26 ने भागतात, 13,000 असेल तर 500 यायला पाहिजेत पण मिळतात 450, कारण मर्यादा 2005 पासून तिथेच अडकलीये, त्या भागातली घरभाडी बघून हा आकडा वाचला की पोटात गोळा येतो. बऱ्याच राज्यांत भत्ता 26 आठवडे मिळतो, फ्लोरिडात एरवी 12 च. आणि दर आठवड्याला (काही ठिकाणी दोन आठवड्यांनी) 'काम शोधलं का, काही कमावलं का' याची उत्तरं भरायची, ती चुकली की पैसे थांबले.

2020 च्या कोविडमध्ये काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, नोकरी गेलेल्या प्रत्येकाचा पगार भरून काढायचा होता, पण कित्येक राज्यांचे जुने कॉम्प्युटर, काही तर कोबॉल या जुन्या प्रोग्रामिंग भाषेवरचे, माणशी वेगळा हिशोब करूच शकत नव्हते, म्हणून सरसकट आठवड्याला 600 डॉलर जादा दिले, जुलैअखेरपर्यंत.

एच-वन-बी, म्हणजे मालकाशी बांधलेल्या कामाच्या व्हिसावाल्यांचं दुखणं वेगळंच. भत्त्याला पहिल्यापासून अट आहे, माणूस कामासाठी उपलब्ध पाहिजे, आणि नोकरी गेली की व्हिसावाला दुसऱ्याकडे लगेच मोकळेपणी काम करू शकत नाही, म्हणून बहुतेक वेळा क्लेम नाकारतात. नवीन मालक शोधायला हातात जास्तीत जास्त 60 दिवस. न्यू जर्सीतल्या त्याच्या पे स्टबवर मात्र ती यूआयची कपात दर वेळी होतच असते.