उद्या मला कोण उठवणार?

बाळ घरी येऊन चार दिवस झाले होते. साडेतीन वर्षांची ताई बाळाकडे फारशी फिरकत नव्हती, पण रात्री दिवा मालवला की तिचा एकच प्रश्न असायचा, "उद्या मला कोण उठवणार?" उत्तर मिळालं, की दोन मिनिटांनी पुन्हा तोच. माझ्या ओळखीच्या घरातली ही गोष्ट. घरचे म्हणाले, "जळते बाळावर." मला नाही तसं वाटलं. बाळाकडचं काही तिला नकोच होतं. उद्याचा दिवस कसा उजाडणार, एवढंच तिला पक्कं ठाऊक हवं होतं.

धाकटं आलं की थोरल्याचं सिंहासन जातं, ही मांडणी मानसतज्ज्ञ अल्फ्रेड ॲडलर यांची. उपमा झकास आहे, पण तिच्यामुळे हे संकट घरोघरी येणारच असं आपण धरून चालतो. मिशिगन विद्यापीठाच्या ब्रेंडा वॉलिंग यांनी २४१ कुटुंबांचा, बाळ जन्मायच्या आधीपासून ते वर्षाचं होईपर्यंत मागोवा घेतला. बहुतेक थोरली भावंडं फारशी न बिघडता सावरली. मधूनच बोबडं बोलणं, पुन्हा अंथरूण ओलं करणं, बाटली मागणं हे चालायचंच.

काही मुलं मात्र मुळातच हळवी असतात. अमेरिकी मानसतज्ज्ञ जेरोम केगन यांनी चार महिन्यांच्या बाळांपुढे रंगीत खेळणी हलवली, अनोळखी आवाज ऐकवले. पाचातलं साधारण एक बाळ हातपाय झाडत रडू लागलं. अशी बाळं पुढे नव्या गोष्टींना बुजण्याची शक्यता जास्त. सगळीच बुजरी होतात असं नाही, पण घरात मोठा बदल झाला की त्याची झळ अशांना आधी लागते.

झळ म्हणजे नेमकं काय, हे मला बोनोबो वानरांवरच्या एका अभ्यासात सापडलं. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या या संशोधनात कांगोच्या जंगलातल्या बोनोबो पिल्लांच्या लघवीतलं कॉर्टिसॉल मोजलं होतं. ताण आला की शरीरात वाढणारं हे संप्रेरक. भावंड जन्मताच ते पाचपट झालं आणि सुमारे सात महिने चढंच राहिलं. गंमत पुढेच आहे. दोन वर्षांच्या पिल्लात ते जेवढं वाढलं, तेवढंच आठ वर्षांच्या पिल्लातही. आठ वर्षांचं पिल्लू आपलं खाणं आपण शोधतं, आईच्या दुधावर नसतं. तेव्हा 'दूध तुटलं म्हणून ताण' हे कारण पुरत नाही. माणसाच्या मुलाला हेच आकडे लावू नयेत, पण 'एवढी मोठी झालीस, आता काय रडतेस' म्हणण्याआधी ते आठवायला हरकत नाही.

मग करायचं काय? "काही होणार नाही, मी आहे ना" हे शंभरदा सांगून काळजी जात नाही. मुलाला दर वेळी विचारायचीच सवय लागते. उत्तर डोळ्यांना दिसलं तर बरं. त्या घरात भिंतीवर चित्रं लागली: उठवायला बाबा, वेणी घालायला आई, गोष्टीला आजी. रात्री प्रश्न आला की आई म्हणायची, "चित्र बघ." ताई अंधारात बोट फिरवून चाचपायची. प्रश्न लगेच थांबला नाही, पण दहाचे तीन झाले.

दुसरा उपाय इंग्लंडमधल्या केंब्रिजचा. तिथे ज्युडी डन आणि कॅरल केंड्रिक या संशोधकांनी ४० कुटुंबं जवळून पाहिली. बाळ आल्यावर आईचं थोरल्याशी खेळणं-बोलणं कमी झालं, 'हे नको, ते नको' वाढलं. पण ज्या घरांत आई बाळाबद्दल 'त्याला भूक लागली असेल की झोप आली असेल?' असं थोरल्याशी बोलायची, तिथे वर्षभरानंतर भावंडांत जास्त गोडी दिसली.

झोप, खाणं, शाळा महिना-दोन महिने विस्कटलेलीच राहिली, तर बालमानसतज्ज्ञांना जरूर भेटावं.

तिसऱ्या आठवड्यात ताईनं तक्रार केली, की भिंतीवर बाळाचं चित्रच नाही. आईनं विचारलं, "कुठे लावूया? बाळाला कोण उठवतं?"

"त्याला कुणी नाही उठवत," ताई म्हणाली. "तेच सगळ्यांना उठवतं."